ऑफिसमधले वेलनेस प्रोग्रॅम आणि आजारपणाचा खर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च उजाडला की मुंबईतल्या बऱ्याच कंपन्यांत दोन कागद एकदमच टेबलावर येतात: ग्रुप मेडिक्लेमच्या रिन्यूअलचं कोटेशन आणि कुणीतरी पाठवलेलं वेलनेस प्रोग्रॅमचं प्रेझेंटेशन. पहिल्यात आकडा वाढलेला असतो, दुसऱ्यात तो कमी करून देण्याचं आश्वासन असतं. एचआरवाले, छोट्या कंपन्यांचे मालक आणि ज्यांच्या नावाने हे सगळं चालतं ते कर्मचारी, असे तिघेही फिरून फिरून जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. क्रम असा काही नाही, आपल्या कामाचा प्रश्न शोधून वाचावा.

वेलनेस प्रोग्रॅममध्ये नेमकं असतं काय?

वर्षातून एकदा रक्त-लघवीची तपासणी, फोनवर पावलं मोजणारं ॲप, २१ जूनला योगासनं, आहारतज्ज्ञाचं तासाभराचं व्याख्यान, समुपदेशनाची हेल्पलाइन, जिमच्या फीत सवलत, जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या ड्रीम रनसाठी कंपनीचे टी-शर्ट. काही ठिकाणी आठवड्यातून दोनदा ऑफिसात डॉक्टर बसतात. या यादीत सगळ्यात उपयोगाचे हे डॉक्टरच, आणि बजेटला कात्री लागली की पहिला नंबरही त्यांचाच लागतो.

हे सगळं केलं की विम्याचा हप्ता कमी होतो का?

त्या वर्षी नाही, आणि पुढेही आपोआप नाही.

ग्रुप पॉलिसीचा हप्ता तुमची माणसं किती चालली यावर ठरत नाही. गेल्या वर्षी तुम्ही भरलेल्या हप्त्यातून विमा कंपनीने किती क्लेम फेडले, हा पहिला हिशोब. त्याला सगळे क्लेम रेशो म्हणतात. शंभर रुपये हप्त्यातले पंचाण्णव क्लेममध्ये गेले असतील, तर टीपीएची (विमा कंपनीच्या वतीने क्लेमची कागदपत्रं हाताळणारी मधली संस्था) फी, ब्रोकरचं कमिशन, अजून कागदपत्रं न आलेल्या क्लेमची तरतूद आणि रुग्णालयांची दरवाढ धरून नवा आकडा शंभराच्या बराच वर जाणार. त्यावर १८ टक्के जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, पण ग्रुप पॉलिसीला ती सवलत नाही. बातमी वाचून अनेक मालकांनी ब्रोकरला फोन केले आणि हिरमुसले.

आता हे क्लेम कशाचे असतात ते बघा. बाळंतपणं, सासू-सासऱ्यांचे मोतीबिंदू आणि गुडघे, मुतखडा, पित्ताशयातले खडे, पावसाळ्यात डेंग्यू-मलेरिया, आणि वर्षाकाठी एखाद-दुसरा कॅन्सर किंवा अँजिओप्लास्टी. सूर्यनमस्कारांनी यातलं काय टळतं? डेंग्यू मात्र थोडाफार टाळता येतो, आणि त्यासाठी ॲप लागत नाही. ऑफिसात डेस्कवर बाटलीतल्या पाण्यात लावलेला मनीप्लांट, एसीखालचा ट्रे, पॅन्ट्रीतल्या फ्रिजमागचं साचलेलं पाणी, एवढं आठवड्यातून एकदा ओतून कोरडं केलं तरी पुरे. एडिसची अंडी-अळी ते डास ही सगळी वाटचाल साधारण आठवड्याभराची असते, म्हणून आठवड्यातून एकदा. महापालिकेचे कीटकनाशक विभागाचे लोक हेच घरोघरी सांगत फिरतात, ऑफिसात त्यांचं ऐकायला कुणी नसतं.

छोट्या कंपनीत तर क्लेम रेशो हा निव्वळ नशिबाचा भाग. साठ माणसांत एका वर्षी दोन मोठी ऑपरेशनं झाली की रेशो कुठल्या कुठे जातो, पुढच्या वर्षी कुणी आजारी पडलं नाही की सुधारतो, आणि ते श्रेय वेलनेसवाल्याच्या स्लाइडवर जातं.

मग ‘एका रुपयामागे तीन रुपये वाचतात’ हे कुठून आलं?

अमेरिकेतून. २०१० साली कॅथरीन बेकर, डेव्हिड कटलर आणि झिरुई साँग या तिघांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. निष्कर्ष असा की वेलनेसवर खर्चलेल्या एका डॉलरमागे वैद्यकीय खर्चात सुमारे ३.२७ डॉलर आणि गैरहजेरीत सुमारे २.७३ डॉलर वाचतात. हा आकडा जगभर फिरला आणि आजही अंधेरीतल्या कॉन्फरन्स रूममध्ये पडद्यावर दिसतो.

पुढची गोष्ट त्या पडद्यावर कधी येत नाही. त्या आढाव्यातल्या अनेक अभ्यासांत भाग घेणारे आणि न घेणारे यांची तुलना होती, आणि भाग घेणारे मुळातच धडधाकट असतात. जो रोज सकाळी शिवाजी पार्कला चार फेऱ्या मारतो तोच स्टेप चॅलेंजमध्ये पहिला नाव देतो. ज्याला शुगर असल्याची शंका आहे तो ऑफिसातल्या तपासणी कॅम्पच्या दिवशी नेमका क्लायंटकडे जातो.

म्हणून मग चिठ्ठ्या टाकून अभ्यास झाले. इलिनॉय विद्यापीठात सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांची अशी विभागणी केली: काहींना प्रोग्रॅम मिळाला, काहींना नाही. २०१९ साली आलेल्या निकालात वैद्यकीय खर्च, गैरहजेरी, सवयी यांत लक्षणीय फरक दिसला नाही. तपासणी करून घेणाऱ्यांचं प्रमाण वाढलं आणि ‘कंपनीला आपल्या तब्येतीची काळजी आहे’ असं लोकांना वाटू लागलं, एवढाच ठळक परिणाम. गंमत म्हणजे जुन्या पद्धतीने, म्हणजे भाग घेणारे विरुद्ध न घेणारे अशी तुलना केली असती तर त्याच माहितीतून भरघोस बचत दिसली असती.

त्याच वर्षी दुसरा अभ्यास आला. बीजेज होलसेल क्लब या दुकानसाखळीच्या १६० शाखा, सुमारे ३३ हजार कर्मचारी, त्यातल्या २० शाखांत प्रोग्रॅम. अठरा महिन्यांनी लोक म्हणाले की आम्ही जास्त व्यायाम करतो, वजनाकडे लक्ष देतो. पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वैद्यकीय खर्च आणि हजेरी यांत फरक नव्हता. हा अभ्यास करणारे दोघे कोण? साँग आणि बेकर. २०१० चा आकडा ज्यांचा, त्यांनीच अधिक कडक कसोटी लावली आणि आलं ते उत्तर छापलं. याला म्हणतात संशोधक. विक्रेते मात्र अजून २०१० मध्येच आहेत.

पण ते अमेरिकेतलं. इथे काय संबंध?

प्रश्न रास्त आहे, पण उत्तर आपल्याला आणखी प्रतिकूल आहे. तिथे मोठ्या कंपन्या बहुधा कर्मचाऱ्यांच्या उपचारांचा खर्च स्वतःच्या खिशातून देतात, डॉक्टरच्या साध्या भेटीपासून गोळ्यांपर्यंत. त्यामुळे बचत झालीच तर ती थेट कंपनीची. आपल्याकडची नेहमीची ग्रुप पॉलिसी फक्त दाखल झाल्यावरचा खर्च आणि डे-केअर, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडतात ते उपचार, एवढंच देते. ओपीडी, गोळ्या, चाचण्या हे सगळं घरचं. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी खिशातून केला होता. म्हणजे तुमच्या कर्मचाऱ्याने वेळेवर बीपीची गोळी सुरू केली तर महिन्याचा खर्च त्याचा, आणि वीस वर्षांनी टळलेल्या पक्षाघाताची बचत कुठल्या तरी तिसऱ्याच विमा कंपनीची. तोवर त्याने चार नोकऱ्या बदललेल्या असतात.

मग यात कुठे काही वाचतंच नाही का?

वाचतं, पण जिथे सेल्फी निघत नाहीत तिथे. पेप्सिकोच्या प्रोग्रॅमची सात वर्षांची माहिती तपासून २०१४ साली एक अभ्यास छापून आला. त्यात प्रोग्रॅमचे दोन भाग वेगळे केले होते. व्यायाम, आहार, वजन वगैरे जीवनशैलीच्या भागात एका डॉलरमागे परत आले ०.५० डॉलर, म्हणजे निम्मे बुडाले. ज्यांना आधीच मधुमेह, दमा, हृदयविकार असे आजार आहेत त्यांच्या पाठपुराव्याच्या भागात परत आले ३.८० डॉलर. हा अभ्यास चिठ्ठ्या टाकून केलेला नव्हता हे लक्षात ठेवून वाचावा, पण दिशा पटण्यासारखी आहे.

मुंबईत या गटाची कमी नाही. २०२१ मध्ये महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने पाहणी केली तेव्हा प्रौढांमध्ये सुमारे ३४ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला आढळला आणि सुमारे १८ टक्क्यांची उपाशीपोटी साखर मधुमेहाच्या पातळीची. शंभर माणसांच्या ऑफिसात हे लोक कोण आहेत ते कंपनीला कळायची गरज नाही. पण त्यांना दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी) करून घ्यायला, डॉक्टरला भेटायला आणि गोळ्या न चुकवायला कुणी मदत करत असेल, तर पैसा तिथे लावावा.

वार्षिक हेल्थ कॅम्प घ्यावा की नाही?

घ्यावा, पण आज घेतला जातो तसा नव्हे.

नेहमीचा कॅम्प कसा असतो? मेल येतो: उद्या उपाशीपोटी यावे, सकाळी साडेनऊ ते साडेबारा. डोंबिवलीहून येणारी बाई सहा वाजता उठलेली, डबे भरून सात-पन्नासची लोकल पकडलेली, लोअर परळला उतरून पुलावरच्या गर्दीतून ऑफिसात. रांगेत तिचा नंबर साडेअकराला. तोवर डोकं भणभणायला लागतं म्हणून ती अर्धा कटिंग घेते आणि फॉर्मवर ‘उपाशीपोटी: होय’ अशी खूण करते. धावतपळत आल्या आल्या बीपी मोजतात, १४८ वर ९४. दहा दिवसांनी बारा पानी रिपोर्ट मेलवर येतो. ऐंशी चाचण्या, लाल अक्षरात व्हिटॅमिन डी कमी, आणखी दोन-तीन गोष्टी किंचित इकडे-तिकडे. बीपीबद्दल एक ओळ: फॅमिली डॉक्टरचा सल्ला घ्यावा. पुढे काही होत नाही.

ऐंशी चाचण्यांनी कुणाचं भलं होत नाही. जितक्या जास्त चाचण्या तितकी योगायोगाने एखादी मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता जास्त, मग त्यामागे सोनोग्राफी, मग अजून काही. त्यापेक्षा चाचण्या मोजक्या ठेवा: पाच मिनिटं बसवून दोनदा मोजलेलं बीपी, एचबीएवनसी (त्याला उपाशी राहावं लागत नाही, म्हणून मुंबईच्या ऑफिसला तीच सोयीची), लिपिड, हिमोग्लोबिन, कंबरेचा घेर. तंबाखू-मशेरीचा प्रश्न सरळ विचारा आणि तोंड उघडून बघणारा डेंटिस्ट बोलवा. तोंडाच्या कॅन्सरची सुरुवात टॉर्चच्या उजेडात दिसते, रक्ताच्या रिपोर्टात नाही. महिलांसाठी स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी ऑफिसच्या केबिनमध्ये नको, दवाखान्याची अपॉइंटमेंट आणि भरपगारी अर्धा दिवस द्या. उरलेले पैसे पाठपुराव्यासाठी ठेवा. कॅम्पमध्ये ज्यांचं काही सापडलं त्यांना महिन्याभरात डॉक्टर भेटला का, एवढी एकच गोष्ट व्हेंडरच्या करारात लिहून घ्या. बहुतेक व्हेंडर तिथेच का-कू करतात.

स्टेप चॅलेंजबद्दल काय मत?

विरारहून चर्चगेटला रोज येणाऱ्याला दहा हजार पावलांचं कौतुक सांगू नये. त्याला झोप कमी पडते, पावलं नव्हे. ज्यांना मजा येते त्यांनी जरूर करावं, बक्षीस लावू नका. बक्षीस लावलं की फोन पंख्याला बांधणारे निघतात.

कॅन्टीनचं जेवण बदलून फरक पडतो का?

पडू शकतो, निदान तक्रारी तरी वाढतात. दुपारी साडेचारला गाडीवरून वडापाव आणायला लोक खाली जातात कारण वर बिस्किटं सोडून काही नसतं. त्या वेळेला उकडलेले शेंगदाणे, चणे, अंडी, फळं ठेवली तर खपतात. साखरेचा चहा यंत्रातून आपोआप येतो, तो बंद करून साखर बाजूला ठेवली तरी पुष्कळ झालं. भाषणं नकोत.

कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी कंपनीने काय करावं?

हेल्पलाइनचं पोस्टर लावून मोकळं होऊ नये. ती हेल्पलाइन मराठीत बोलते का, हे आधी स्वतः फोन करून बघा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, ती मराठीत मिळते आणि कंपनीला कळायचा प्रश्नच नाही. हा नंबर आयकार्डच्या मागे छापायला काही खर्च येत नाही.

विम्याचं म्हणाल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरलं पाहिजे. पॉलिसीच्या वगळलेल्या आजारांच्या यादीत जुनी ओळ राहिली असेल तर ब्रोकरला जाब विचारा. पण दाखल व्हावं लागलं तरच हा विमा कामाचा, मानसोपचारतज्ज्ञाची दर महिन्याची फी ओपीडीतच येते. कंपनीला खरंच काही द्यायचं असेल तर ती फी द्यावी.

आणि रात्री साडेदहाला ‘अर्जंट’ असा मेसेज टाकणारा साहेब तसाच ठेवून खाली ध्यानधारणेचा वर्ग भरवणं, याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

सिक्युरिटी आणि हाउसकीपिंगवाले यात येतात का?

बहुतेक वेलनेस प्रोग्रॅममध्ये येत नाहीत. ते ‘वेंडरचे’ असतात. दहा-बारा तास उभं राहणारा तो वॉचमन आणि दिवसभर फिनेल-ॲसिडमध्ये हात घालणाऱ्या त्या मावशी यांना कॅम्पच्या दिवशी फक्त टेबलं मांडायला बोलावतात.

त्यांच्यासाठी असते ती ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाची सरकारी योजना. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना, अपंग कर्मचाऱ्यांना २५,००० पर्यंत, ती लागू होते. १ जुलै २०१९ पासून मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, कर्मचाऱ्याचा ०.७५ टक्के. त्या बदल्यात स्वतःला आणि कुटुंबाला ओपीडीपासून ऑपरेशनपर्यंत उपचार, आजारपणाच्या रजेत वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन, टीबी-कॅन्सरसारख्या ठरलेल्या दीर्घ आजारांत ८० टक्के, तेही दोन वर्षांपर्यंत. कागदावर बघाल तर साहेबांच्या पाच लाखांच्या मेडिक्लेमपेक्षा हे भारी आहे, कारण त्यात ना रूम रेंटची मर्यादा ना को-पे (बिलातला ठरावीक वाटा आपणच भरण्याची अट). मुंबईत अंधेरी, कांदिवली, वरळी, मुलुंड आणि परळला ईएसआयसीची रुग्णालयं आहेत. गर्दी, औषधांची वाट, खेपा हे आहेच, नाकारून चालणार नाही.

कंपनीने करण्यासारखं एक काम आहे: कंत्राटदार खरंच भरणा करतो का ते बघणं. कंत्राटदाराने बुडवलं तर जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे तुमच्या कंपनीवरही येते. दर महिन्याचं चलन मागा आणि मावशींच्या मोबाइलवर त्यांचा विमा क्रमांक उघडून दाखवा. अनेकींना तो आहे हेच माहीत नसतं.

पगार २१,००० च्या वर गेला तर ईएसआयसी लगेच बंद होते का?

नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन कालखंड असतात. मध्येच पगार वाढला तरी तो कालखंड संपेपर्यंत वर्गणी कापली जाते, आणि तिचे लाभ पुढच्या ठरलेल्या सहामाहीत मिळतात. बढती देताना एचआरने हे सांगायला हवं आणि बाहेर पडताक्षणी ग्रुप पॉलिसीत नाव घालायला हवं. मधल्या फटीत कुणी आजारी पडलं तर हाल होतात.

कंपनीने हप्ता कमी करायला रूम रेंटची मर्यादा घातली. फार फरक पडतो का?

खूप. लोकांना वाटतं, पाच हजारांची मर्यादा आहे आणि आठ हजारांची खोली घेतली तर दिवसाला तीन हजार आपले. तसं नसतं. हा नमुन्याचा हिशोब बघा. तीन दिवस मुक्काम, खोलीचे २४,०००, डॉक्टर, ऑपरेशन थिएटर वगैरे १,२०,०००, औषधं आणि इम्प्लांट ४०,०००. एकूण १,८४,०००. मर्यादा पाच हजार, खोली आठ हजारांची, म्हणजे पात्रता ६२.५ टक्के. खोलीचे मिळणार १५,०००. डॉक्टर आणि थिएटरच्या बिलालाही तीच टक्केवारी लागते, म्हणून १,२०,००० चे झाले ७५,०००. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही, ते ४०,००० पूर्ण. हाती १,३०,०००, खिशातून ५४,०००. नऊ हजारांचा अंदाज बांधून गेलेला माणूस चोपन्न हजार भरून येतो.

यावरून एचआरने एक धडा घ्यावा: रूम रेंटची मर्यादा, को-पे, आजारानुसार ठरवलेली कमाल रक्कम या तिन्ही गोष्टींनी हप्ता खाली येतो खरा, पण खर्च कमी होत नाही, फक्त कंपनीच्या खात्यातून कर्मचाऱ्याच्या क्रेडिट कार्डावर जातो. हे करून वर ‘वेलनेसमुळे हप्ता घटला’ असं सगळ्या कर्मचाऱ्यांच्या बैठकीत सांगणाऱ्या कंपन्या मुंबईत आहेत.

दाखल होताना काउंटरवर ‘माझ्या पात्रतेचीच खोली द्या’ असं स्पष्ट सांगा. ती रिकामी नसेल तर तसं रुग्णालयाकडून लिहून घ्या.

आई-वडिलांना पॉलिसीतून काढलं तर?

रिन्यूअलच्या वाटाघाटीत पहिला बळी त्यांचाच जातो, कारण क्लेममध्ये त्यांचा वाटा मोठा असतो. काढायचंच असेल तर निदान वर्षभर आधी सांगा. स्वतः हप्ता भरून त्यांना ठेवायचा पर्याय द्या. ग्रुपमध्ये जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात, बाहेर वैयक्तिक पॉलिसीत त्यांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये उत्पन्नाची अट न लावता वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आता सगळ्या रेशनकार्डधारकांना खुली आहे, तिचीही मर्यादा कुटुंबामागे पाच लाख. कार्ड आधी काढून ठेवा, ॲम्ब्युलन्समध्ये बसून काढता येत नाही. आणि आपलं हवं ते रुग्णालय त्या यादीत आहे का ते बघा, मुंबईतली अनेक मोठी खासगी नावं तिथे सापडणार नाहीत.

माझा रिपोर्ट एचआर वाचतं का?

वाचू नये. एचआरला फक्त एकत्रित आकडे मिळावेत: इतक्यांची तपासणी, इतक्यांना बीपी. तेही गट मोठा असेल तरच. सात जणांच्या टीममध्ये ‘एकाला मधुमेह’ असं लिहिलं की तो कोण हे जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना कळतं.

वैद्यकीय माहिती २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार संवेदनशील मानली जाते आणि ती घ्यायला लेखी संमती लागते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, त्यातल्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत आणि दंडाची कमाल मर्यादा २५० कोटींपर्यंत आहे. कॅम्पच्या दिवशी पुढे केलेल्या फॉर्मवर सही करण्याआधी ‘माहिती कुणाला देणार’ ही ओळ वाचा. ॲपचं असेल तर लोकेशनची परवानगी कशाला हवी, हे विचारा.

तपासणीत काही निघालं तर नोकरी जाऊ शकते का?

निव्वळ आजार आहे म्हणून नाही. याबाबत मुंबई उच्च न्यायालयाचा १९९७ चा एक निकाल महत्त्वाचा आहे. एचआयव्हीबाधित म्हणून एका रोजंदारी कामगाराला कंपनीने कामावर घेणं नाकारलं होतं. कामगाराचं आणि कंपनीचं नाव झाकून, ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ या नावाने तो खटला चालला. काम करण्याची क्षमता आहे आणि दुसऱ्याला धोका नाही, तर केवळ लागण आहे म्हणून काम नाकारता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. पुढे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालण्यावरच बंदी आली.

भाग घेतला नाही तर पगार कापता येतो का?

नाही. कायद्यात दिलेल्या कारणांशिवाय पगारातून कपात करता येत नाही आणि योगाला दांडी हे त्यातलं कारण नाही. अमेरिकेत ठरावीक मर्यादेत विम्याच्या हप्त्याला सूट किंवा दंड जोडता येतो, तिथून ही कल्पना आली असावी.

वर्षातून एकदा तपासणी करून देणं मालकावर बंधनकारक आहे का?

घातक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांत ते आधीपासून होतं. २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत चाळिशीपुढच्या कामगारांची दरवर्षी मोफत तपासणी ही तरतूद आहे. आपल्या आस्थापनेला नेमकं काय लागू होतं ते कामगार कायद्याच्या सल्लागाराकडून तपासून घ्या.

कराचं काय?

मालकाने भरलेला ग्रुपचा हप्ता कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात धरला जात नाही. स्वतः काढलेल्या पॉलिसीच्या हप्त्यावर, म्हणजे ज्याला सगळे ८०-डी म्हणतात त्याखाली, २५,००० पर्यंत वजावट मिळते. ज्येष्ठ आई-वडिलांसाठी आणखी ५०,०००. प्रतिबंधात्मक तपासणीचे ५,००० याच मर्यादेत येतात आणि तेवढे रोखीने दिले तरी चालतात. हे सगळं जुन्या करप्रणालीतच. नवी निवडली असेल तर पावत्या जमवण्याचा त्रास वाचला.

नोकरी सोडली की विमा संपतो?

शेवटच्या दिवशी, बहुतेक पॉलिसींत. त्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि ग्रुपमध्ये घालवलेली वर्षं प्रतीक्षा कालावधीत धरली जातात. राजीनामा दिल्या दिवशीच अर्ज करा, नोटीस पीरियडच्या शेवटच्या आठवड्यात नको. चाळिशीच्या आत एक स्वतःची छोटी पॉलिसी आणि तिच्यावर टॉप-अप (ठरावीक रकमेच्या वरचं बिल देणारा जोडविमा) काढून ठेवावं हे माझं ठाम मत. कंपनीच्या विम्यावर विसंबणं म्हणजे भाड्याच्या घरात स्वतःच्या खर्चाने लाद्या बसवणं.

आमची पन्नास माणसांची कंपनी, पैसा थोडा. सुरुवात कुठून करू?

क्लेमची माहिती मागून घ्या, नावं वगळून: कोणत्या प्रकारचे, कोणत्या महिन्यात, किती रकमेचे. ती न बघता प्रोग्रॅम विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात. मग भरपगारी आजारी रजा खरोखर घेऊ द्या. ताप अंगावर काढत लोकलने आलेला माणूस आणखी चौघांना पाडतो. जवळच्या जनरल प्रॅक्टिशनर डॉक्टरांशी महिन्याची रक्कम ठरवा, आठवड्यातून दोन तास त्यांना ऑफिसात बसवा, बीपी-शुगरवाल्यांच्या गोळ्यांचा पाठपुरावा ते करतील. ज्यांना ते खर्चिक वाटतं त्यांनी कर्मचाऱ्यांना महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’चा पत्ता द्यावा. तिथे तपासणी आणि औषधं मोफत आहेत आणि संध्याकाळीही डॉक्टर असतात, त्यामुळे घरी जाताना उतरून जाता येतं.

योगाचा वर्ग हवा असेल तर घ्या. लोकांना बरं वाटतं, हे कारण पुरेसं आहे. फक्त त्यातून हप्ता कमी होईल असं संचालकांना लिहून देऊ नका.

क्लेम नाकारला. एचआर म्हणतं आमच्या हातात काही नाही. आता?

आधी नकाराचं पत्र लेखी घ्या, त्यात पॉलिसीचं कुठलं कलम लावलंय ते असतं. टीपीएशी भांडत बसू नका. क्लेम नाकारण्याचा निर्णय विमा कंपनीचा असतो, तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा. सोबत डिस्चार्ज कार्ड आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरचं स्पष्टीकरण जोडा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे. ठाणे-नवी मुंबईकरांनी आपला पत्ता कुठल्या कार्यालयाकडे येतो ते आधी बघावं. ग्रुप पॉलिसीच्या तक्रारीही तिथे चालतात. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचं प्रकरण घेतात, आणि विमा कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो. तारीख मिळाली की एचआरला सोबत यायला सांगा. ग्रुप पॉलिसीची मूळ प्रत त्यांच्याकडेच असते.